उपाशी पंच

आमच्या येनखेड्यात दहा पंच आहेत आणि दहाही जण उपाशी असतात. गावाला सरपंच आहे, पोलीस पाटील आहे, ग्रामसेवक आठवड्यातून दोनदा तोंड दाखवून जातो. पण माणसं खरी टरकतात ती या दहांना. एक काचेची पेटी, तिच्यात दहा खाचा, प्रत्येक खाचेत एक टोळ. बोटभर लांबीचा, पिवळा, मागच्या तंगड्या मऊ पट्टीने अडकवलेल्या. समोरच्या नळीत माणसाने फुंकर मारायची. पंचांनी तोंडाजवळची बोटं उघडली की त्या माणसाच्या घरी त्या दिवशी कोणी धड जेवत नाही.

मी प्रणाली निखाडे. आरोग्य उपकेंद्रातली कीटक-सहायक, निदान हे सगळं घडलं तेव्हा होते. लग्न मोडून माहेरी परत आलेल्या बाईला काहीतरी काम हवं, म्हणून मी या पदासाठी अर्ज केला होता. गावात मला 'नाकतोडेवाली बाई' म्हणत. टोळ वेगळा आणि नाकतोडा वेगळा हे समजावून सांगायचं मी दुसऱ्याच वर्षी सोडून दिलं.

आमच्याकडे खर्रा खातात. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटायचं आणि गालात धरून बसायचं. बंदी येते, बंदी जाते, गाल रिकामा राहत नाही. माझे बाबा त्या गालानेच गेले. रोग कळला तेव्हा तोंडात चमचाही जात नव्हता. माझा धाकटा भाऊ निकेश तेव्हा सातवीत होता. बाबा गेल्यावर तो महिनाभर बोलला नाही, आणि पुढे कॉलेजात गेल्यावर स्वतःच खर्रा खायला लागला. याला काय म्हणावं ते मला अजून कळलेलं नाही.

पेटीतलं विज्ञान मला नागपुरात प्रशिक्षणात सहारे मॅडमनी शिकवलं. रोगट पेशींचं खाणंपिणं निरोगी पेशींपेक्षा निराळं असतं, म्हणून त्यांच्यातून उडणारी द्रव्यंही निराळी. ती श्वासात उतरतात, पण इतकी थोडी की माणसाच्या नाकाला पत्ता लागत नाही. टोळाला लागतो. त्याच्या दोन मिशांवर वास ओळखणाऱ्या हजारो चेतापेशी असतात. "पण त्याला वास येऊन काय उपयोग?" मॅडम म्हणाल्या. "त्याने तो आपल्याला सांगितला पाहिजे ना!"

मी विचारलं होतं, टोळच का? रातकिडे तर घरोघरी फुकट मिळतात.

मॅडम हसल्या. रातकिडा राहतो फटीत, दगडाखाली, ओल्या पालापाचोळ्यात. त्याला सुकलेलं पान चालतं, बुरशी चालते, लोकरीचं कापड चालतं, वेळ आली तर मेलेला भाऊही चालतो. ज्याला सगळंच चालतं त्याच्या साक्षीला कोण विचारतो? झुडपात राहणारा लांब मिशांचा नाकतोडा पाकळ्या खातो आणि पानावरचा मावाही खातो. टोळ मात्र उघड्या माळावरचा, हिरव्यावर जगणारा. खादाड खराच, पण चाखून खाणारा. आधी वास घेईल, मग ओठांजवळच्या चार बारीक बोटांनी पान चाचपेल, मगच चावा घेईल. त्याला शिकवताना रोगाचा वास द्यायचा आणि लगेच गवताचं पातं द्यायचं. पाच-सहा धड्यांनंतर तो नुसत्या वासानेच बोटं पसरतो, फोडणीच्या वासाने आपल्या तोंडाला पाणी सुटतं तसं. कॅमेरा ती हालचाल मोजतो. दहांपैकी सहांनी बोटं उघडली की माणसाची रवानगी नागपूरला.

अट एकच. टोळ एक दिवस उपाशी हवा. पोट भरलेल्या टोळाला कुठल्याच वासात रस नसतो. तो मख्ख बसून राहतो आणि पडद्यावर हिरवी अक्षरं येतात: 'संशय नाही'. म्हणून माझ्याकडे चाळीस टोळ असत, दहा-दहांच्या चार तुकड्यांत. ज्यांची उद्या पाळी, त्यांना आज काही मिळत नसे.

पहिल्या वर्षी पेटीने एकवीस माणसं शोधली. त्यांतली सतरा आजही हिंडून-फिरून आहेत. मग जे व्हायचं तेच झालं. पेटीची चिठ्ठी जो तो मागू लागला. कारखानेवाले मागू लागले, विमावाले मागू लागले, आणि मुलीकडचे तर सगळ्यांच्या आधी. पत्रिका राहिली बाजूला. चाचणीची नोंद तारखेसकट मोबाइलवर चढते, ती कोणाला पुसता येत नाही. दोन नोंदी दिसल्या तरी मुलीचा बाप विचारतो, "दुसऱ्यांदा काहून जी?" त्यामुळे ज्यांच्यासाठी पेटी आली तीच पोरं तिच्या वाऱ्याला उभी राहीनात. त्यांत आमचे बंधुराज पहिले.

निकेश फवारणीचे ड्रोन दुरुस्त करायचा. हात सोन्याचा, बोलणं गोड, गाल कायम फुगलेला. पलीकडच्या गावची आचल त्याला सांगून आली. अंगणवाडीत शिकवणारी, शांत, समोरच्याचं पूर्ण ऐकून घेऊन मग बोलणारी मुलगी. दोघांनी एकमेकांना पसंत केलं. तिच्या वडिलांचा निरोप आला: पंचांची चिठ्ठी पाठवा, मग साखरपुड्याची तारीख धरू.

निकेशने आठ दिवस टाळाटाळ केली. शेवटी म्हणाला, "ताई, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येतो. नक्की."

येनखेड्यात आता बैलांच्या दोनच जोड्या उरल्यात. नांगरणी यंत्रं करतात, पेरणी यंत्रं करतात. पोळ्याला तोरणाखाली चार बैल आणि त्यांच्या मागे झुली पांघरलेले ट्रॅक्टर उभे राहतात. आईला याचं फार वाईट वाटायचं. पुरणपोळीचा नैवेद्य घेऊन ती बैल शोधत हिंडायची आणि दोन्ही जोड्यांपुढे आधीच रांग लागलेली असायची. त्या वर्षी मात्र ती लवकर परत आली आणि खुशीत होती. मी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपकेंद्र उघडलं तर पेटीवर हळदकुंकवाची बोटं होती. मला हसू आलं. पोळ्याला आमच्याकडे दाराच्या कडीपासून ड्रोनपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं. मी ते पुसलं. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी पंचांना शिकवलेल्या वासाची बाटली दाखवायची आणि ते बोटं उघडतात याची खात्री करायची, असा नियम आहे. मी बाटली हातात घेतलीच होती, तेवढ्यात निकेश दारात दिसला. एकटा, आंघोळ करून, घाबरलेला.

तीन वर्षं ज्याच्या मागे लागले होते तो स्वतःहून आला होता. पाच मिनिटं थांबवला असता तर पळून गेला असता, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी बाटली खाली ठेवली.

"तोंड उघड." तीन बोटं जायला हवीत, दोनच गेली. डाव्या गालात आत पांढरा पट्टा होता. तसे पट्टे आमच्याकडे निम्म्या माणसांना असतात आणि सगळ्यांचा रोग होत नाही. "मार फुंकर."

त्याने डोळे मिटून फुंकर मारली. मी पेटीकडे पाहत होते. एकाही पंचाने बोट उचललं नाही. पडद्यावर हिरवी अक्षरं आली आणि मला रडूच कोसळलं. निकेशही रडला. मग आम्ही दोघं एकमेकांना हसलो, आणि तो चिठ्ठीचा फोटो आचलला पाठवत पाठवत बाहेर पळाला.

त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून गर्दी झाली. आणखी तीस जण आले. तिसांतल्या एकाच्याही वेळी पंच हलले नाहीत. मी मनात म्हटलं, देवच पावला गावाला. बाटलीची मला दिवसभर आठवण झाली नाही.

संध्याकाळी पेटीखालची ताटली काढली. उपाशी टोळाच्या ताटलीत काही पडलेलं नसतं, कारण जे पोटात गेलं नाही ते पडणार कुठून? ताटलीत हिरवट लेंड्यांचा सडा होता. जाळीत पोळीचा एक करपट पापुद्रा अडकला होता. तो मी चिमट्याने ओढून काढला.

घरी आई ज्वारीचं पीठ चाळत होती.

"आई, काल उपकेंद्रात माझ्या खोलीत गेली होतीस?"

"गेली ना. चाबी तं खुंटीलेच असते."

"काय घातलंस त्यांना?"

"हरळी घातली, ज्वारीचा पाला घातला, पोळी घातली जराशी. पुरणाले नाई लावलं तोंड त्याइनं, पापुद्रे मातर खाल्ले बाप्पा!" ती कौतुकाने सांगत होती. "गावात कामाचं जनावर म्हणून आता तेच तं उरले. बारा महिने राबतात बिचारे. पोळ्याच्या दिवशी राबत्या जनावराले उपाशी ठेवते का कोणी? मी तं आदल्या दिवशी रीतीनं आवतनबी देऊन आली होती. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मी तिला ओरडणार होते, ते राहून गेलं. तिने जे केलं ते तिच्या आईने केलं असतं, आजीने केलं असतं. मी खाली बसले आणि तिला सगळं सांगितलं. उपास का असतो, पोट भरल्यावर काय होतं. तिने चाळणी बाजूला ठेवली.

"म्हणजे निकेशचं?"

"निकेशचं काहीच कळलं नाही."

"बाकीच्याइचंबी?"

"कोणाचंच नाही."

तिने चाळणी पुन्हा जवळ ओढली. मग हळूच म्हणाली, "आचलच्या बापाचा फोन आला होता दुपारी. साखरपुडा गुरुवारी धरला."

दुसऱ्या दिवशी दुपारी निकेश जेवून आडवा झाला होता. मी उपकेंद्रातून एक उपाशी टोळ काचेच्या बरणीत घालून घरी आणला. पेटी चालवायची तर नोंद होते. नुसत्या टोळाची कुठे नोंद होत नाही, आणि तीन वर्षांनी माझ्या डोळ्यांना कॅमेऱ्याची गरज उरली नव्हती. झाकण काढून बरणीचं तोंड मी भावाच्या तोंडाशी धरलं. तो उघड्या तोंडाने घोरत होता. टोळ आधी स्तब्ध राहिला. मग त्याच्या मिशा पुढे आल्या आणि ओठांजवळची चारही बोटं पसरली. बरणी लांब नेली, बोटं मिटली. जवळ आणली, पसरली. मी तीन वेळा करून पाहिलं.

मागे वळले तर दारात आई उभी होती.

"एकटाच तं आहे तो," ती कुजबुजली. "तूच म्हणतेस ना, एकट्याचं धरत नाई म्हणून."

"दहांत तिनदा चुकतो एकटा. पण आई, सात वेळा चुकत नाही."

"भुकेला आहे. भुकेल्याले सगळंच अन्न दिसते." तिने मला ओढत परसात नेलं, माझा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवला. "माह्या गळ्याची आण आहे तुले. लगन होऊ दे त्याचं. तुह्या बाबाच्या वक्ताले कळलं तं काय झालं? पाहुणे तुटले, माणसं तुटली, कोणी पाणी पाजाले आलं नाई. आचल घरात आली की मीच त्याले हात धरून आणते. अडीच महिन्याचा तं सवाल आहे."

मी हात काढून घ्यायला हवा होता. आण मोडली तर ज्याच्या गळ्याची तो मरतो, असं आमच्याकडे मानतात, आणि मी प्रशिक्षण घेतलेली बाई असले तरी आईच्या गळ्यावरचा हात मला उचलला गेला नाही. पण सगळं आईवर ढकलायचं नाही. खरं हे की आण घातल्यावर मला आतून सुटल्यासारखं वाटलं. सकाळची बाटली मी दाखवली नव्हती, ते आता कोणाला सांगावं लागणार नव्हतं. या सुटकेची मला आजही किळस येते.

बाकीच्या तीस जणांना मी परत बोलावलं. पेटीची नळी खराब होती, असं सांगितलं. लोक कुरकुरत आले. त्यांतले दोघे सापडले: ट्रॅक्टरवाला शालिक ठवकर आणि तपकीर लावणारी वच्छलाबाई. दोघांचंही अगदी सुरुवातीला कळलं. नागपुरात एवढासा तुकडा काढला आणि पंधरा दिवसांत दोघे घरी. शालिकभाऊ तर उपकेंद्रात येऊन पेटीपुढे नारळ फोडून गेला. मी खोबरं हातात घेतलं आणि गुपचूप खिडकीबाहेर टाकलं.

निकेशलाही मी नळीचंच सांगितलं. "माही चिठ्ठी तं आली ना!" तो हसून म्हणाला. "माह्या टायमाले चांगली असन नळी." हसला खरा, पण नजर माझ्या नजरेला देईना. त्याला गालातलं जाणवत असणार. दात दाखवायच्या निमित्ताने तालुक्याच्या डॉक्टरकडे चल म्हटलं, तर म्हणाला, लग्नानंतर. त्याला हलवायला एकच वाक्य पुरलं असतं: मी टोळ आणून पाहिलाय. ते वाक्य रोज सकाळी माझ्या ओठांवर यायचं आणि मी चहाबरोबर गिळायची.

तुळशीचं लग्न झालं आणि चौथ्या दिवशी निकेशचं लागलं. जेवणाच्या पंगतीत नवरा-नवरीने एकमेकांना घास भरवायचा होता. आचलने गुलाबजाम उचलला. निकेशचं तोंड तेवढं उघडेना. "लाजते रे नवरदेव!" म्हणून बायका हसल्या. आचल हसली नाही. तिने ताटातच गुलाबजामचे बारीक तुकडे केले आणि एकेक करून त्याच्या ओठांत सरकवला. समोर मी वाढायचं भांडं घेऊन उभी होते.

लग्नानंतर आईने त्याला हात धरून आणलं नाही. आज नको, पूजा आहे. उद्या नको, आचलचे पाहुणे आहेत. सोळाव्या दिवशी आचलच त्याला घेऊन उपकेंद्रात आली.

"ताई, यांच्या उशीवर रोज रक्त असते. मला नाही सांगत काही. तुम्ही पाहा."

त्या दिवशी मी बाटली दाखवली, नियमाने सगळं केलं. निकेशने फुंकर मारली. ती पुरी व्हायच्या आत दहाच्या दहा पंचांनी बोटं पसरली.

नागपुरात त्याचा खालचा जबडा डावीकडून निम्मा काढला, जिभेचाही मोठा भाग गेला. गाठ मानेत उतरली होती. डॉक्टर आचलला म्हणाले, तीन महिने आधी आणलं असतं तर जबडा वाचला असता, कदाचित सगळंच सोपं झालं असतं. डिसेंबर संपताना तो घरी आला तेव्हा त्याच्या नाकात नळी होती आणि तोंडावर फडकं. बोलणं गेलं होतं. काही सांगायचं तर मोबाइलवर लिहून दाखवायचा.

गावाने आपला हिशोब लावला. निखाड्यांच्या पोराला पंचांनी 'संशय नाही' म्हटलं होतं आणि त्याचा अर्धा जबडा गेला, म्हणजे पंच खोटे, नळीचं तर नुसतं निमित्त. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगत होती. "किड्यामुंगीवर भरवसा ठेवला, अजून काय!" निकेशनेही मित्रांना तेच लिहून दाखवलं. जानेवारीच्या तीन आठवड्यांत उपकेंद्रात चार माणसं आली. शेजारच्या गावांतूनही येणं थांबलं. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत पेटी परत पाठवण्याचा ठराव येणार होता.

त्या सकाळी आचल परसात निकेशच्या नळीतून पेज भरवायची पिचकारी गरम पाण्याने धूत होती. मी बादली भरायला गेले.

"ताई, एक विचारू?" ती मान वर न करता म्हणाली. "त्या दिवशीच्या तीस जणांना परत बोलावलं. यांना एकट्यालाच नाही बोलावलं का?"

मी तिला सगळं सांगितलं. पुरणपोळी, ताटली, बरणीतला टोळ, गळ्यावरचा हात, न दाखवलेली बाटली. ती पिचकारी धूत राहिली. माझं संपलं तेव्हाही तिच्या हातातून पाणी वाहतच होतं.

"साखरपुड्याच्या आधी माहीत होतं तुम्हाला," ती म्हणाली.

"हो."

"मला सांगितलं असतं तर मी लग्न मोडलं नसतं. त्यांना धरून आधी दवाखान्यात नेलं असतं."

तिने पिचकारी फडक्यावर ठेवली. "आज सभेत सांगणार तुम्ही?"

"सांगितलं नाही तर पेटी जाईल. पुढचा निकेश कोणाला सापडणारच नाही."

"आणि सांगितलं तर यांना कळेल. माझ्या हातनं पेज गेली की यांना उमासे येतात, ताई. आईच्या हातनं तेवढी पोटात राहते. वजन एक्केचाळीस झालंय. आईवरचं मन उडालं तर हे जेवणार कसे?" तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "मी काही म्हणत नाही. तुमचं तुम्ही ठरवा."

झेंडावंदन झालं, मुलांना चिवडा वाटून झाला आणि शाळेच्या पटांगणात सभा बसली. निकेश हट्टाने आला होता. मागे खुर्चीवर, तोंडाला मफलर गुंडाळून. एका बाजूला आचल, दुसऱ्या बाजूला आई. सरपंचाने ठराव वाचला. कोणाला काही म्हणायचं आहे का, असं विचारलं आणि मी उभी राहिले.

मी फार बोलले नाही. "पंच खोटे नाहीत. त्यांना माझ्या आईने पोळ्याचं जेवू घातलं होतं. भरल्या पोटी ते बोलत नाहीत. सकाळी खात्री करून घ्यायचं माझं काम होतं, ते मी केलं नाही. संध्याकाळी मला कळलं. तुम्हा तीस जणांना मी नळीचं खोटं सांगून परत बोलावलं. माझ्या भावाला मात्र खरं सांगितलं नाही, लग्न मोडेल म्हणून."

सगळीकडे एकच गलका झाला. शालिकभाऊ उभा राहिला. नारळ फोडणारा हाच माणूस. त्याचा आवाज रागाचा नव्हता, तो खरंच विचारत होता. "अन् बाई, आमाले वाचवलं, मंग सख्ख्या भावाले काहून नाई?"

मी मागे पाहिलं. आईने पदर तोंडात कोंबला होता. निकेश माझ्याकडे पाहत नव्हता. तो आईकडे पाहत होता.

ठराव बारगळला. पेटी गावात राहिली, माझी नोकरी त्याच आठवड्यात गेली. तिथे आता दुसरी बाई येते आणि लोक पुन्हा रांगेत उभे राहतात. हे चांगलं झालं असं सगळे म्हणतात, मीही म्हणते.

त्या दिवशी सभेतून आम्ही चौघं घरी आलो. आईने पातळ पेज केली, दोनदा गाळली, मीठ चाखून पाहिलं. रोजच्यासारखी पिचकारी भरून ती निकेशच्या खाटेपाशी आली.

"घे, बापू," ती म्हणाली.

निकेशने नळीवरची चिमटी बंद केली.

"जराशीक घे. सकाळपासून पोटात काही नाई तुह्या."

त्याने मोबाइल उचलला, काहीतरी लिहिलं आणि आचलपुढे धरला. आईला वाचता येत नाही. "काय म्हणते तो?" तिने विचारलं.

"भूक नाही म्हणतात," आचल म्हणाली.

मी आचलच्या मागेच उभी होते. मोबाइलवर लिहिलं होतं: 'आईच्या हातचं नको. ताईच्याही नको.'

"भूक नाई कशी?" आई म्हणाली. "इतका वाळला, भूक नाई कशी असन?" तिने चिमटी उघडायला हात पुढे केला. निकेशच्या अंगात तेव्हा उठून बसायचीही ताकद नव्हती. पण ती चिमटी त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि आई पेज घेऊन खाटेशेजारून उठून जाईपर्यंत सोडली नाही.